डाव्या तळपायाखालची करकर

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. 'नाही' म्हणायचं की 'नव्हता' म्हणायचं, ते माझं अजून ठरत नाहीये, तेवढं सोडून द्या. ठाण्याला नौपाड्यात हाडांच्या एका डॉक्टरांकडे मी बावीस वर्षं एक्सरे काढते. माणूस बाहेर कितीही मोठा असो, माझ्या टेबलावर आडवा झाला की तो दोनशे सहा हाडांचा एक नग. कुणाच्या हाडांत मला आजवर भूत दिसलेलं नाही आणि देवही नाही. दिसतं ते कॅल्शियम... आणि चाळिशीनंतर तेही कमीच. "श्वास घ्या, रोखा, हलू नका... सोडा" हे मी दिवसातून पन्नास वेळा म्हणते. चिडले की घरी नवऱ्यालाही म्हणते.

हा अनुभव ऐकीव नाही, माझा स्वतःचा आहे. माझ्या सासऱ्यांच्या, आप्पांच्या, जिवाशी गाठ होती. एका रविवारी सकाळी त्यांच्या मानेला एक झटका बसणार होता आणि तो बसला असता तर आज त्यांचा फोटो भिंतीवर असता. तो बसला नाही. का बसला नाही, हे मी जमेल तसं लिहिते. मी काही लेखिका नाही, मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

सुरुवात माझ्या जन्मापासून करावी लागेल, कारण मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझं डोकं आधी न येता पाय आधी आले. आता ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी — पायाळू माणसाने दुखऱ्या कंबरेला पाय लावला की भरलेली उसण निघते, अशी आपल्याकडे समजूत आहे. आमचं माहेर बाळकुमचं, आम्ही कोळी. आज तिथे टॉवरच टॉवर झालेत, पण मी लहान असताना घराच्या मागे खाडी होती आणि दारात जाळी वाळत असायची. मासळीच्या पाट्या वाहून वाहून बायकांच्या कंबरा कायम धरलेल्या. त्या बाजारातून परस्पर आमच्या ओटीवर यायच्या आणि पालथ्या पडायच्या.

"ए बाय, पाय लाव गो. कंबर धरलीय."

की मला लगोरीच्या खेळातून उठवून आणायचे, पाय धुवायला लावायचे आणि डावा पाय तीनदा त्यांच्या कंबरेला लावायचा. त्याबद्दल एक लिमलेटची गोळी मिळायची. त्या बायका "सुटली बघ" म्हणत उठून जायच्या. मला तळपायाला घामट पोलकं लागायचं, दुसरं काहीही नाही. पुढे डॉक्टरांकडे कामाला लागल्यावर कळलं की उसण बहुतेक वेळा चार दिवसांत आपली आपणच जाते. लिमलेटच्या गोळ्या मी फुकट खाल्ल्या म्हणायच्या.

आठवीत असताना वर्गातल्या एका मुलाचे वडील असेच येऊन पालथे पडले. दुसऱ्या दिवशी शाळेत माझं नाव 'लाथाळ' पडलं. मी घरी येऊन आईला सांगितलं की हा पाय यापुढे कुणाला लागणार नाही. आई चिडली, दोन दिवस बोलली नाही. पण मी ऐकलं नाही, आणि खरंच कुणाला पाय लावला नाही.

लग्न करून डोंबिवलीला आले, पूर्वेला. दुसरा मजला, लिफ्ट नाही. मिलिंदशी माझा प्रेमविवाह. घर शिक्षकाचं, शिस्तीचं. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला जवळ बसवून सांगितलं, "नयना, तुझी आई म्हणत होती तू पायाळू आहेस म्हणून. पण आपल्याकडे ते पाय लावणं वगैरे नको हं. आपल्यात चुकून पाय लागला तरी आपण नमस्कार करतो." त्या बोलल्या अगदी गोड. मला राग आला नाही असं नाही, थोडा आलाच... पण त्यापेक्षा सुटल्यासारखं जास्त वाटलं. सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. आता घरात मी, मिलिंद आणि आप्पा.

आप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांचा आवडता शब्द 'नाही'. चहा आणू का — नाही. पंखा लावू का — नाही. आणि नुसतं तोंडाने नाही, मान डावीउजवीकडे चांगली दोनदा हलवून. मिलिंद म्हणतो, आप्पांनी लग्नात अंतरपाटाआडूनसुद्धा आधी नाहीच म्हटलं असेल.

तर गेल्या वर्षी थंडीत आप्पा त्यांच्या जुन्या शिक्षकमित्रांबरोबर खडवलीला गेले. एका मित्राच्या मुलाची नदीजवळ जागा आहे, तिथे जेवण वगैरे. उतारावर त्यांचा पाय घसरला आणि ते बसले. संध्याकाळी घरी आले ते कमरेत वाकून, कठड्याला धरून.

"काय झालं आप्पा?"

"काही नाही गं. माकडहाडावर बसलो. वयाला शोभेसं काही नाही, एवढंच."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना माझ्याबरोबर नौपाड्याला नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, कंबरेचा एक्सरे, समोरून आणि बाजूने. मी काढला. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं तेवढंच आम्ही काढतो, आणि आप्पांनी कंबर सोडून दुसऱ्या कशाचं नावही घेतलं नव्हतं. फिल्म स्वच्छ. वयाप्रमाणे झीज, बाकी काही नाही. "उसण भरली आहे, मास्तर. आठवडाभर आराम," डॉक्टर म्हणाले. मी पण मान डोलावली. मला आता त्या मान डोलावण्याची लाज वाटते.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. गोळ्या घेऊन आप्पा पडून होते. कूस बदलायची तरी दोघांनी धरायचं. शनिवारी दुपारी बाळकुमहून आईचा फोन आला. माझे हात पिठात, म्हणून स्पीकरवर टाकला.

"मास्तर कसं हायत?"

"तसेच आहेत. उसण आहे, जाईल."

"आनि तू काय करतंस? घरात पायालू मानूस आनि गोल्या कसल्या देतंस? पाय लाव की गो."

"आई, तू परत सुरू होऊ नकोस हं."

"तुझी सासू व्हती तवा मी बोलली का? आता बोलतंय."

मी फोन कट केला. आप्पांनी सगळं ऐकलं होतं, कारण आमचं घर केवढं, दोन खोल्या आणि किचन. 

आता दिगूबद्दल सांगते. दिगू म्हणजे दिगंबर, आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं सलून आहे. आप्पांचा विद्यार्थी, आता स्वतःच पन्नाशीचा. आप्पा महिन्यातून एका रविवारी त्याच्याकडे जातात. केस कापून झाले की डोक्याला चंपी, आणि मग शेवटी हनुवटी आणि डोकं धरून मान दोन्हीकडे कटाकट मोडायची. तुमच्यातल्या निम्म्या पुरुषांना हे सुख माहीत असेल. हाडांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या माणसाला त्या आवाजाने अंगावर काटा येतो, पण आप्पांना कोण सांगणार. वर त्यांचा विनोद ठरलेला — "याला गणितात नापास केला होता, त्याचा वचपा काढतो." दिगू दर वेळी हसायचा.

त्या रविवारी आप्पांना जिना उतरता येणार नव्हता, म्हणून दिगू दहाच्या सुमाराला घरी आला. बॅग, कापड, फवाऱ्याची बाटली. हॉलमध्ये पेपर अंथरून त्यावर प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली. मिलिंद चहा करत होता. आणि आतल्या खोलीतून आप्पांनी मला हाक मारली.

"नयना, जरा ये. तुझी आई म्हणते ते करून बघ."

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"अहो आप्पा, तुम्ही असं बोलताय? तुम्ही विज्ञानाचं प्रदर्शन भरवायचात शाळेत."

"म्हणून तर. प्रयोग करायला काय हरकत आहे? खुर्चीवर अर्धा तास बसवणार नाही मला. बघू तरी."

"आईंना आवडलं नसतं. त्यांनीच मला नको म्हणून सांगितलं होतं."

"तिला मी सांगेन. भेटेन तेव्हा."

मी खरंच खूप अवघडले होते. सासऱ्यांच्या अंगाला पाय लावायचा म्हणजे... शिवाय मला हे सगळं थोतांड वाटतं, आणि तेच मी करायचं. पण तीन दिवस तो माणूस कळवळत होता. म्हटलं, मनाला बरं वाटेल, दोन मिनिटांचं काम. बाथरूममध्ये जाऊन पाय धुतला, पुसला.

मिलिंदने त्यांना चटईवर पालथं केलं. आप्पा कपाळ दोन्ही हातांवर टेकवून, नाक जमिनीकडे, असे अगदी सरळ पडले होते. मी भिंतीला हात टेकला आणि डावा पाय त्यांच्या कंबरेवर ठेवला. नुसता टेकवला, भार नाही.

पहिल्यांदा काही नाही. सदऱ्याचं कापड आणि खाली ऊबदार पाठ.

पाय उचलला, दुसऱ्यांदा ठेवला... आणि तळपायाला करकर लागली. ओट्याखाली साखर सांडलेली असते आणि आपण अनवाणी त्यावर पाय देतो, अगदी तशी. बारीक, कोरडी. हाडावर हाड घासल्यावर जी करकर असते ना, ती माझ्या हातांना ओळखीची आहे. मोडलेला हात टेबलावर नीट ठेवताना ती बोटांना कळते. ही तीच होती. मला वाटलं चटईवर खरंच काही सांडलंय, मी खाली बघितलंसुद्धा. पण पाय चटईवर नव्हताच, आप्पांच्या कंबरेवर होता. आणि त्या कंबरेची फिल्म मी स्वतः काढली होती. तिथे काहीही मोडलेलं नव्हतं.

तिसऱ्यांदा पाय उचलला, आणि तो खाली गेला नाही. कुणी धरला वगैरे नाही हो, तसलं काही नाही. मीच ठेवत नव्हते. आणि त्याच क्षणी माझी स्वतःची मान धरली. कवटीच्या खाली, अगदी वरच्या दोन मणक्यांत. मिलिंद बाजूला उभा होता, त्याच्याकडे बघायला गेले तर मान वळेचना. एका पायावर, भिंतीला धरून, समोर कॅलेंडरकडे बघत मी उभी. दाराशी दिगू चहाचा कप घेऊन येऊन थांबला होता, तो मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होता.

आणि मी म्हणाले, "दिगू, आप्पांच्या मानेला आज हात लावायचा नाही."

हे मी म्हणाले खरं, पण मी ते ठरवून म्हटलं नव्हतं. मान हा विषयच नव्हता आमच्या घरात. सगळं चाललं होतं ते कंबरेचं.

दिगूने कप खाली ठेवला. "वहिनी, मानेचं तुम्हाला सरांनी सांगितलं का?"

"काय सांगितलं?"

"नाही म्हणजे... काल फोनवर मला म्हणाले, मान अवघडलीय, उद्या आधी ती मोकळी करून दे. घरात बोलू नको, नयना उगाच आणखी एक एक्सरे काढत बसेल."

खालून आप्पा हातांतच पुटपुटले, "उशी बदलली ना मिलिंदने. त्या नव्या उशीने झालंय ते."

 पाय खाली घेतला आणि दुसऱ्या क्षणाला मी एक्सरे रूममधली बाई झाले, ते बरं झालं. "आप्पा, हलायचं नाही. आहात तसेच. मान उचलायची नाही, वळवायची नाही, बोलायचं पण नाही. मला एकच सांगा, खडवलीला डोकं कुठे आपटलं होतं का? हो असेल तर बोट हलवा."

 मग त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी हलली. नंतर कळलं, खाली बसले तेव्हा मागे सिमेंटचं बाकडं होतं, त्याची कड डोक्याच्या मागे लागली होती. खोक नाही, रक्त नाही, म्हणून सांगितलं नाही. मास्तर लोक आपल्या चुका कधी फळ्यावर लिहीत नाहीत.

मी खाली बसून त्यांचं डोकं दोन्ही हातांनी कानांवर धरलं. मिलिंदला सांगितलं, ॲम्ब्युलन्स बोलाव आणि डॉक्टरांना फोन लाव. तो गोंधळून नुसता उभा.

"नयना, अगं पण झालंय काय? उसण आहे ना?"

"मिलिंद, फोन लाव."

डॉक्टर रविवारचे घरी. फोन माझ्या कानाला लावून मिलिंद बसला.

"कशावरून म्हणतेस नयना?"

आता काय सांगणार? बावीस वर्षांची नोकरी. मी खोटं बोलले. "सर, हात लावला तर करकर लागली."

ते एक क्षण थांबले आणि म्हणाले, "हलवू नकोस. ठाण्याला हॉस्पिटलमध्ये आण, मी तिथे पोचतो."

मग मिलिंद, दिगू, शेजारचे दोघे आणि मी, अशा पाच जणांनी बेडशीट धरून आप्पांना एकदम, लाकडाच्या ओंडक्यासारखं, सरळ उताणं केलं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना तूरडाळीची दोन पाकिटं लावली आणि कपाळावरून चिकटपट्टी. ॲम्ब्युलन्समधून ठाण्याला जाईपर्यंत मी त्यांच्या डोक्याशी बसून होते, ताठ, समोर बघत, कारण माझी मान अजून तशीच धरलेली. खड्डा आला की माझा जीव जायचा. आप्पा फक्त वर बघत होते. एकदा म्हणाले, "तू घाबरलीस का गं?" मी म्हटलं, हो. खोटं बोलायची ती वेळ नव्हती.

ठाण्यात ज्या हॉस्पिटलला आमचे डॉक्टर जातात तिथे सीटी स्कॅन झाला. मी काचेच्या पलीकडे ऑपरेटरच्या मागे उभी राहिले, तो ओळखीचाच होता. पडद्यावर चित्र आलं आणि त्याने ते तिथेच थांबवून मोठं केलं.

थोडं सोप्या शब्दांत सांगते. मानेचे मणके सात. पहिला बांगडीसारखा, त्यावर आपलं डोकं टेकलेलं असतं. दुसऱ्या मणक्याला वर एक खुंटी असते, ती त्या बांगडीत शिरलेली असते. आपण 'हो' म्हणून मान खालीवर करतो ती पहिल्या मणक्यावर. 'नाही' म्हणून डावीउजवीकडे हलवतो ती या खुंटीभोवती. एवढंसं हाड, करंगळीच्या पेरापेक्षा लहान. आणि त्याला खेटून मागे मज्जारज्जू. ती खुंटी मोडून मागे सरकली तर माणूस मानेखाली लुळा पडतो, नाहीतर श्वास बंद होऊन तिथल्या तिथे जातो.

आप्पांची खुंटी बुडाशी मोडली होती. पण जागची हलली नव्हती. एका केसाएवढी फट, बस.

"केस कापून मान मोडून घेणार होते ना?" डॉक्टरांनी विचारलं, मिलिंदने त्यांना दिगूचं सांगितलं होतं. मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मग आप्पांच्या मानेला कडक कॉलर चढवली. हनुवटीखालून, मागून, आणि शेवटी बाजूचा पट्टा चर्रकन चिकटवला. तो पट्टा चिकटला आणि माझी मान सुटली. म्हणजे हळूहळू नाही. मी मिलिंदकडे वळून बघितलं आणि मग माझ्या लक्षात आलं की मी वळून बघितलं.  तिथेच स्टुलावर बसून मी रडले, आणि खरं सांगते, इतकं बरं वाटणारं रडू मला आयुष्यात आलेलं नाही.

ऑपरेशन लागलं नाही. बारा आठवडे कॉलर, उठता-बसता, झोपतानाही. आप्पांनी कुरकुर केली, पण तोंडानेच करावी लागली.

दिगूचं सांगायचं राहिलं. तो दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलला आला तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून राहिला, आत यायला तयार नाही. मी गेले तर आपले हात उलटेपालटे करून बघत होता. "वहिनी, तीस वर्षं मोडतोय लोकांच्या माना. सरांची पण मोडली असती... मग मी काय केलं असतं हो?" मी त्याला कॅन्टीनमधून चहा आणून दिला. त्याने सलूनमध्ये मान मोडणं त्या दिवसापासून बंद केलंय. गिऱ्हाइकं भांडतात, पण ऐकत नाही.

पंधरा दिवसांनी दवाखान्यात दुपारी गर्दी कमी होती, तेव्हा मी डॉक्टरांना खरं सांगून टाकलं. पायाळू, साखर, तिसऱ्यांदा न ठेवलेला पाय, माझी धरलेली मान, सगळं. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत, विचार करायला लागले.

"हे बघ नयना, तू बावीस वर्षं दुखरी माणसं टेबलावर चढवतेस. कोण कुठलं अंग जपतंय ते तुझ्या डोळ्यांना कळतं, तुला कळायच्या आधी. मास्तर पालथे पडले तेव्हा त्यांनी मान एका बाजूला केली होती?"

"नाही. कपाळ हातांवर ठेवून सरळ."

"बघ. पालथा पडणारा माणूस गाल टेकवतो. आणि मला सांग, त्या तीनचार दिवसांत ते कुठल्या गोष्टीला नाही म्हणाले?"

मी आठवायला लागले आणि गारच पडले. चहा आणू का — बरं. अजून एक पोळी — बरं. मिलिंदने तर ती नवी उशी दिली, त्यालाही बरं. तीन दिवस आमचे आप्पा, आमचे आप्पा हो, एकदाही नाही म्हणाले नव्हते. आणि आम्ही दोघं काय समजलो, दुखण्याने मवाळ झालेत. मिलिंद तर शनिवारी मला म्हणाला होता, अधूनमधून उसण भरायला हरकत नाही.

"मग झालं तर," डॉक्टर म्हणाले. "तुझ्या मनाने हिशोब केला आणि उत्तर पायातून आलं. तुझी मान पण भीतीनेच धरली."

मला ते पटलं. अजूनही बरंचसं पटतं. माझ्या मानेचा त्यांनी एक्सरे काढायला लावला, तोही स्वच्छ आला. मी उठले, दाराशी पोचले, तर त्यांनीच मला थांबवलं.

"फक्त ती करकर, नयना. फोनवर तू हात म्हणालीस तेव्हाच मला खटकलं होतं. ते हाड इतकं आत असतं, पुढे घसा, मागे एवढे स्नायू. त्याची करकर बाहेरून हाताला लागत नाही. मला नाही लागणार. कुणालाच नाही."

"आणि सर, माझा पाय तर कंबरेवर होता."

"तेच," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

आईला हे सांगितलं तर तिला जराही नवल वाटलं नाही. तिचा प्रश्न एकच, "उसन गेली का मग?" उसण गेली नव्हती. पुढे आठ दिवस होती आणि गोळ्यांनीच गेली. म्हणजे ज्या कामासाठी पायाळूचा पाय लावतात ते काम माझ्या पायाने केलंच नाही, दुसरंच केलं. त्यानंतर बिल्डिंगमधल्या तिघी येऊन गेल्या कंबरा धरून. मी तिघींना नौपाड्याचा पत्ता दिला. पाय कुणाला लावलेला नाही, लावणारही नाही. खरं सांगायचं तर भीती वाटते, पुन्हा काही लागलं तर, आणि त्याहून जास्त, पुन्हा काहीच लागलं नाही तर.

तुमच्यापैकी कुणी डॉक्टर असेल, किंवा पायाळू असेल, आणि काही सांगू शकत असेल, तर जरूर सांगा. मी वाद घालणार नाही. माझ्याकडे अर्ध्या गोष्टीचं कारण आहे आणि अर्ध्या गोष्टीचं नाही, आणि जे नाही ते शोधायचं मी आता सोडून दिलंय. घरात माणूस आहे, तेवढं मला पुरतं.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी आप्पांना एकट्याने बाहेर जायची परवानगी दिली. मान पहिल्यासारखी पूर्ण वळत नाही, पण पुष्कळ वळते. परवा सकाळी पिशवी घेऊन ते खाली उतरले, मला सोबत येऊ दिलं नाही. मी गॅलरीत उभी राहून बघत होते. गल्लीच्या टोकाला ते थांबले. रिक्षा, स्कूटर, शाळेची व्हॅन, सगळं धावत होतं. आप्पांनी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे बघितलं, पुन्हा एकदा उजवीकडे बघितलं आणि रस्ता ओलांडून पलीकडे भाजीवाल्याशी जाऊन उभे राहिले. मग मी आत आले आणि कुकर लावला.